घरी न सांगता

२००२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी स्वतःच्याच चित्रपटातल्या माणसांच्या हातून बंदुका काढून घेतल्या. 'ई.टी.' हा त्यांचा चित्रपट १९८२चा. वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने तो पुन्हा प्रदर्शित होणार होता. त्यात शेवटाकडे एक पाठलाग आहे. पाच पोरं जिवाच्या आकांताने सायकली दामटताहेत, एका सायकलीच्या पुढच्या टोपलीत परग्रहावरचा पाहुणा गुंडाळून बसवलाय, आणि पुढे रस्ता अडवून पोलीस आणि सरकारी माणसं उभी आहेत. काहींच्या हातात बंदुका आहेत. एलियट डोळे मिटून घेतो आणि सायकली जमीन सोडतात. वीस वर्षांनंतर स्पीलबर्गना तो प्रसंग खटकला. लहान मुलांसमोर बंदुका नकोत, असं त्यांना वाटलं. मग संगणकाने बंदुका पुसल्या आणि त्याच हातांत वॉकीटॉकी दिले.

पुढे हे आपलं चुकलं, असं त्यांचं त्यांनाच वाटू लागलं. २०१२च्या ब्लू-रे आवृत्तीत बंदुका परत आल्या. २०२३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की मी ते करायला नको होतं. जुना चित्रपट आजच्या नजरेने दुरुस्त करायचा नसतो.

हा किस्सा मला पुन्हा पुन्हा आठवतो. गेल्या पंधराएक वर्षांत हॉलिवूडने लहानपणीच्या साहसपटांच्या आठवणींवर जे काही उभं केलं, त्यातलं बरंचसं या वॉकीटॉकीच्या जातीचं आहे. वस्तू जपायच्या आणि जिवाला लागलेला घोर पुसायचा. लहानपण जसं होतं तसं दाखवायचं नाही, मोठेपणी आठवायला बरं वाटेल तसं दाखवायचं. पण समोर बंदूकच नसेल, तर सायकलीला उडायचं कारण उरत नाही.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझल इथल्या आपल्या प्रबंधात घडवला. घरी परतणं आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांचा हा जोड. मायदेशापासून लांब पडलेल्या माणसांना जडणारा आजार, असं त्याने त्याचं वर्णन केलं होतं. मराठीत आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द देखणा आहे, पण त्यात रंजन आहे आणि वेदना नाही. माझी तक्रार नेमकी याच फरकाबद्दल आहे. मागे वळून पाहण्यात गैर काहीच नाही. मात्र मागे वळून पाहताना दुखलंच नाही, तर आपण नक्की काय पाहिलं, हा प्रश्न उरतो.

ज्या चित्रपटांच्या आठवणीने आज एवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली, त्यांतले तीन मुख्य चित्रपट चार वर्षांच्या अवधीत आले: 'ई.टी.', १९८५चा 'द गूनीज' आणि १९८६चा 'स्टँड बाय मी'. आठवणीत ते उन्हाळ्याच्या सुट्टीसारखे चमकतात. प्रत्यक्षात पुन्हा पाहिले, की त्यांच्या पोटात किती दुःख होतं ते कळतं.

'ई.टी.'ची गोष्ट सुरू होते तेव्हा एलियटचे वडील घर सोडून गेलेले आहेत. स्पीलबर्ग यांचे आईवडील विभक्त झाले होते आणि त्या घरातला एकटेपणा या चित्रपटात उतरला आहे, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. कॅमेरा बराच काळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर राहतो. आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे सुरुवातीला दिसतच नाहीत. दिसतात ते पाय, विजेऱ्यांचे झोत आणि एका माणसाच्या कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा वाजला की मोठ्यांचं जग जवळ आलं, एवढं प्रेक्षकाला समजतं. मूल जगाकडे असंच पाहतं. त्याला चेहरा कळायच्या आधी आवाज कळतो.

'द गूनीज'मध्ये मुलं चाच्यांच्या खजिन्यामागे धावतात हे सगळ्यांना आठवतं. का धावतात, हे थोड्यांनाच आठवतं. ओरेगनमधल्या अस्टोरिया गावातली त्यांची घरं कर्जापायी जाणार आहेत आणि त्या जागी श्रीमंतांसाठी गोल्फचं मैदान होणार आहे. माळ्यावर नकाशा सापडतो तो घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी. भुयारातून जाताना ही पोरं गावातल्या इच्छापूर्तीच्या विहिरीच्या तळाशी पोचतात. तिथे लोकांनी नवस बोलून टाकलेली नाणी पडलेली असतात. ही दुसऱ्यांच्या इच्छांची नाणी आहेत, घेऊ नका, असं एक मुलगी बजावते. त्यावर माउथ नावाचा सदा बडबडणारा मुलगा एक नाणं उचलतो आणि म्हणतो, की हे माझंच होतं. मागितलेलं मिळालं नाही म्हणून परत घेतोय. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग आहे. सगळ्या धमालीखाली हरलेल्या घरांतली मुलं आहेत, हे तिथे लख्ख दिसतं.

'स्टँड बाय मी'मधली चार मुलं तर मुळी एका मेलेल्या मुलाचं प्रेत पाहायला रुळांच्या कडेकडेने निघालेली आहेत. गॉर्डीचा थोरला भाऊ नुकताच गेलाय आणि बापाला उरलेला मुलगा दिसत नाही. टेडीच्या बापाने त्याचा कान शेगडीवर धरून भाजलाय. घरी सांगितलंय एक आणि चाललेत भलतीकडेच.

या तिन्हींत समान धागा आहे तो हाच. घरात काहीतरी मोडलेलं आहे, मोठ्यांना ते दुरुस्त करता येत नाही, आणि मुलं घरी न सांगता बाहेर पडतात. सायकल, विजेरी, वॉकीटॉकी ही फक्त साधनं आहेत. साहस त्या न सांगण्यात आहे.

आता कुणी म्हणेल, की स्मरणरंजन तर हे चित्रपट करणाऱ्या पिढीनेही केलं. खरं आहे. स्टीफन किंग यांच्या लघुकादंबरीवर रॉब रायनर यांनी केलेला 'स्टँड बाय मी' १९८६ चा असला, तरी त्यातला काळ १९५९ चा आहे. पण त्याची सुरुवात पाहा. प्रौढ गॉर्डी गाडी थांबवून बसलाय, शेजारी वर्तमानपत्र आहे आणि त्यात लहानपणच्या जिवलग मित्राच्या खुनाची बातमी आहे. सगळी आठवण त्या बातमीतून उगवते. होफरच्या शब्दातली वेदना इथे पहिल्याच मिनिटाला हजर आहे.

जॉर्ज लुकास आणि स्पीलबर्ग यांनीही आपल्या बालपणावरच घर बांधलं. लुकास यांना 'फ्लॅश गॉर्डन' करायचा होता, हक्क मिळाले नाहीत, म्हणून 'स्टार वॉर्स' जन्माला आला. १९८१चा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा १९३०-४०च्या दशकांतल्या मालिकापटांच्या आवडीतून निघाला. दर आठवड्याला नायकाला मरणाच्या दारात आणून सोडणारे ते स्वस्तातले चित्रपट. मात्र या दोघांनी त्या चित्रपटांची आठवण विकली नाही. त्यांतला श्वास रोखून धरायला लावणारा वेग घेतला आणि आपल्या काळातल्या मुलांच्या हातात नवी वस्तू ठेवली. १९८१ साली दहा वर्षांच्या मुलाला 'रेडर्स' समजायला बापाचं लहानपण ठाऊक असायची गरज नव्हती.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात स्मरणाचे दोन प्रकार सांगितले होते. एक हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू पाहतो. दुसरा घर हरवलंय हे मान्य करतो आणि त्या हरवण्याशी बोलत राहतो. बॉइम बोलत होत्या देश आणि स्थलांतराबद्दल, पण चित्रपटांनाही हे माप लागू पडतं.

जे. जे. एब्रम्स यांचा २०११चा 'सुपर ८' १९७९ मध्ये घडतो. त्यामागची कहाणी विलक्षण आहे. एब्रम्स आणि त्यांचे मित्र मॅट रीव्हज पोरवयात सुपर-एट फिल्मवर चित्रपट करायचे. एका महोत्सवात त्यांचं काम झळकलं आणि स्पीलबर्ग यांच्या कार्यालयाने त्यांना एक काम दिलं: स्पीलबर्ग यांनी स्वतः मुलगा असताना काढलेल्या फिल्मच्या रिळांची डागडुजी. दोन पोरांच्या बोटांखालून एका मोठ्या दिग्दर्शकाचं बालपण फूट फूट सरकत गेलं. त्या रिळांचे निखळलेले जोड त्यांनी चिकटवले. 'सुपर ८'मध्ये जे अस्सल आहे, म्हणजे आई गमावलेला मुलगा आणि त्याच्या मित्रांनी रात्री चोरून चालवलेलं चित्रीकरण, ते अशा हाताळण्यातून आलेलं आहे. बाकीचा चित्रपट मात्र गुरूच्या प्रकाशात गुरूसारखं दिसण्याच्या खटपटीत जातो.

नंतर २०१६ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली. तिची कथा सुरू होते १९८३च्या नोव्हेंबरमध्ये आणि ती लिहिणारे डफर बंधू जन्मले १९८४च्या फेब्रुवारीत. ज्या काळासाठी मालिका झुरते, त्याच्या सुरुवातीला तिचे कर्ते जन्मलेलेही नव्हते. त्यांनी तो काळ चित्रपटांत पाहिला. ही आठवण नव्हे, आठवणीची आठवण आहे. पहिल्या पर्वात जीव होता, हे मोकळेपणाने सांगायला हवं. हरवलेल्या मुलासाठी भिंतीवर दिवे टांगून बसलेली आई विसरता येत नाही. पुढे मात्र वस्तूंचा पूर वाढत गेला. तिसऱ्या पर्वासाठी जॉर्जियातल्या एका मरणपंथाला लागलेल्या मॉलचा एक भाग १९८५चा म्हणून सजवला गेला; जुन्या दुकानांच्या पाट्या, जुने रंग, जुने दिवे. पर्वाच्या निमित्ताने कोका-कोलाने १९८५मधलं 'न्यू कोक' थोड्या प्रमाणात पुन्हा बाजारात आणलं. पडद्यावरचा मॉल गजबजलेला होता आणि खऱ्या मॉलमधले गाळे ओस पडलेले होते. बॉइम यांचा पहिला प्रकार याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणि काळ थांबत नाही. मालिकेतली गोष्ट जेमतेम पाच-साडेपाच वर्षं पुढे सरकली, ती चित्रित व्हायला नऊ वर्षं लागली. २०२५च्या शेवटी ती संपली तेव्हा तिच्यातली मुलं विशीत पोचली होती. बालपण धरून ठेवायच्या प्रयत्नात असतानाच ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं.

हे सगळं जुन्याच काळात का घडवावं लागतं? याचं उत्तर मला माझ्या भाचीने दिलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिला 'ई.टी.' दाखवत होते. आमच्या लहानपणी सोसायटीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहायचे, त्यात हा पाहिलेला. मुलं अंधारात घराबाहेर पडली, तशी ती म्हणाली, "मावशी, यांच्या आईला माहितीये का हे कुठे गेलेत ते?" परग्रहावरचा प्राणी तिला लगेच पटला होता. अडलं ते इथे. दहा वर्षांच्या मुलाचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट तिला अशक्य वाटली.

तिचं चुकत नव्हतं. अमेरिकेत १९६९ साली बालवर्ग ते आठवीपर्यंतची साधारण ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. आणि मजा म्हणजे भीतीचं हे वळण नेमकं त्या चित्रपटांच्याच काळातलं. १९८४ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरातल्या एका डेअरीने हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले आणि ही पद्धत देशभर पसरली. सकाळी न्याहारीला बसलेलं मूल हरवलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाहत दूध पिऊ लागलं. म्हणजे चित्रपटगृहात गूनीज भुयारात उतरत होते, त्याच सुमारास घरोघरी दारं आतून बंद होऊ लागली होती. २०१८ मध्ये युटा राज्याला तर मुद्दाम कायदा करावा लागला, की मुलाला एकट्याने शाळेत किंवा बागेत जाऊ देणं म्हणजे हेळसांड नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: या चित्रपटांतून मोठी माणसं स्वतःला जे परत देतात, ते दशक नाही. ती देतात मोकळीक, जी त्यांना मिळाली होती आणि जी आपल्या मुलांना द्यायला ती धजत नाहीत. हे पडद्यावर पाहताना डोळे पाणावतात, पण घरी आल्यावर मुलाच्या फोनमधलं ठिकाण तपासलं जातं. साहस आईबाबांच्या काळात घडायचं, एवढंच मुलाच्या हाती लागतं. कुठल्याही पिढीच्या मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

आणि सांगितलं तरी जातं का? १९८४ साली अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं 'पीजी-१३' हे नवं प्रमाणपत्र आलं. ते आलं स्पीलबर्ग यांच्याशीच जोडलेल्या 'टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' या चित्रपटांवरच्या ओरडीतून. त्यानंतर लहान मुलांसाठी निर्धोक आणि मोठ्यांसाठी भीतिदायक, अशी वाटणी पक्की होत गेली. 'सुपर ८' पीजी-१३ आहे. किंग यांच्याच कादंबरीवरचा २०१७चा 'इट' तर सोबत मोठं माणूस असल्याशिवाय सतरा वर्षांखालच्यांना पाहता येत नाही. कादंबरीतल्या मुलांचा काळ १९५७-५८ चा. चित्रपटाने तो उचलून १९८८-८९ मध्ये ठेवला, कारण आता पैसे देऊन तिकीट काढणाऱ्यांचं लहानपण तिथे होतं. शिव्यांमुळे 'स्टँड बाय मी'लाही हेच बंधन होतं, हे खरं. पण तेव्हा तो अपवाद होता, शेजारी 'गूनीज' होता. आता मुलांवरचे असले चित्रपट बहुतेक वेळा मुलांसाठी नसतातच.

जुन्या मोकळिकीलाही सोनं म्हणताना जपायला हवं. ती सगळ्यांना सारखी नव्हती. 'स्टँड बाय मी'च्या वाटेवर एकही मुलगी नाही. 'गूनीज'मधला डेटा हा एकटा आशियाई मुलगा, आणि त्याच्या उच्चारांवर हशा पिकवला जातो. ती भूमिका करणारा के ह्वी क्वान व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेला. मोठं झाल्यावर त्याला कामं मिळेनाशी झाली, तो अभिनय सोडून पडद्यामागे गेला आणि थेट २०२३ मध्ये ऑस्कर घेऊन परतला. जुनं दशक जसंच्या तसं बांधायचं म्हटलं तर हेही बांधावं लागेल. ते कुणालाच नको असतं, आणि ते योग्यच आहे. मग दशकाचा हट्ट सोडून मोकळीक तेवढी उचलावी.

यावर नेहमीचा आक्षेप फोनचा. आजच्या मुलाच्या खिशात फोन आहे, तो एक कॉल करेल आणि गोष्ट दहा मिनिटांत संपेल. म्हणून लेखकांना मागे जावं लागतं. मला हे पटत नाही, कारण वर्तमानात घडणारी साहसं काहींनी केली आहेत. जो कॉर्निश यांच्या २०११च्या 'अटॅक द ब्लॉक'मध्ये दक्षिण लंडनच्या सरकारी इमारतींतली पोरं परग्रहवासीयांशी झुंजतात. त्यांच्याकडे फोन आहेत. पण हाकेला ओ देणारं कुणी नाही. शॉन बेकर यांच्या २०१७च्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट'मध्ये सहा वर्षांची मूनी डिस्नेच्या स्वप्ननगरीजवळच्या स्वस्त मोटेलात राहते आणि दिवसभर उनाडते. तिच्यावर नजर ठेवायला आईला सवड नाही. मोकळीक अजून आहे, फक्त ती गरिबांच्या वस्तीत राहिली आहे आणि तिची किंमत मोठी आहे. लेखकांनी तिकडे पाहायला हवं.

आपल्याकडेच पाहा. परेश मोकाशी यांचा २०१४चा 'एलिझाबेथ एकादशी' पंढरपुरात घडतो. कर्जापायी आईचं मशीन जप्त झालंय, ते सोडवायला वडिलांच्या मागे राहिलेली, त्यांनीच बनवलेली सायकल विकायची वेळ आलीय. ज्ञानेश आणि त्याची बहीण कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचा गाळा लावतात, आईला पत्ता लागू न देता. घरावरचं कर्ज, सायकल, घरी न सांगणं: 'गूनीज'मधलं सगळं इथे आहे, आणि त्यातलं काहीच उसनं नाही. खजिन्याच्या जागी वारकऱ्यांच्या गर्दीत विकलेल्या बांगड्यांचे पैसे आहेत. तो चित्रपट मुलांनी पाहिला आणि मोठ्यांनीही.

याउलट भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं काय झालं ते आठवा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, सायकल हाणणारा, 'ट्टॉक' करणारा तो बन्या २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर आला तो मोठा होऊनच. अमेय वाघने ती भूमिका झोकात केली आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची गोष्टही आजची होती. तरीही मनात येतं, की बन्याबरोबर वाढलेले वाचक मोठे झाले, म्हणून त्यांनी बन्यालाही मोठा करून घेतला. त्या वर्षी दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला आपल्या वयाचा बन्या मिळाला नाही.

मागणी फार मोठी नाही. आठवणींतून चित्रपट जरूर करावेत, पण आठवणीतली भीती आणि घरातली पडझड गाळू नये. काळ आजचा घ्यावा. आणि चित्रपट असा करावा, की दहा वर्षांच्या मुलाला तो आईबाबांच्या आठवणींशिवाय समजेल. स्पीलबर्ग यांनी बंदुका परत दिल्या त्या यासाठीच, असं मी मानते. मुलं घाबरतात हे त्यांना ठाऊक होतंच. घाबरूनही ती पुढे जातात, याची त्यांना पुन्हा आठवण झाली असावी.

दिवाळीनंतर एका रविवारी भाचीला मी दळण आणायला पाठवलं. गिरणी दोन गल्ल्या सोडून आहे. तिने डबा सायकलच्या कॅरियरला बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि निघाली. फोन तिने नेला नाही, मीही दिला नाही. वीस मिनिटांत यायला हवी होती. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मी गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत करत राहिले. गिरणीवाल्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. पन्नासाव्या मिनिटाला ती वळणावर दिसली, सायकल हातात धरून चालत, बाह्यांवर पीठ. मशीनचा पट्टा निसटला होता, मग गिरणीवाल्या काकांनी तिला मागच्या खोलीत नेऊन पट्टा कसा चढवतात ते दाखवलं, मग येताना साखळी पडली, ती तिने काडीने बसवली. हे सगळं तिने डबा खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, मधली दोन वाक्यं गाळून, कारण ती मला सांगायची नव्हती. मी विचारलं नाही. गोष्ट तिची होती. माझं लहानपण तिच्यात कुठेच नव्हतं.